जास्त मते, कमी जागा : निवडणुकीचा निकाल आणि बहुमताचा प्रश्न

मध्य प्रदेश विधानसभेच्या 2018 च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला 1,56,42,980 मते मिळाली आणि काँग्रेसला 1,55,95,153. भाजप 47,827 मतांनी पुढे होता. टक्केवारीत हा फरक 41.02 विरुद्ध 40.89 एवढा होता. तरीही 230 जागांच्या सभागृहात काँग्रेसचे 114 आमदार निवडून आले आणि भाजपचे 109. बहुजन समाज पक्षाचे दोन, समाजवादी पक्षाचा एक आणि चार अपक्ष यांच्या पाठिंब्यावर काँग्रेसने 116 हा बहुमताचा आकडा ओलांडला. शिवराजसिंह चौहान यांनी 12 डिसेंबरला राजीनामा दिला आणि 17 डिसेंबरला कमलनाथ मुख्यमंत्री झाले.

अशा निकालानंतर दोन प्रश्न विचारले जातात आणि बहुतेक वेळा ते एकमेकांत मिसळून जातात. मते बरोबर मोजली गेली का, हा पहिला. जिंकलेला पक्ष किंवा उमेदवार खरोखर बहुसंख्य लोकांचा प्रतिनिधी आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यंत्रे, कागदपत्रे आणि शेवटी न्यायालय देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर मतमोजणीत कितीही शोधले तरी सापडत नाही, कारण ते मतांच्या जागा कशा होतात या नियमात दडलेले असते. 2018 च्या मध्य प्रदेशात मोजणीबद्दल फारसा वाद नव्हता, दुसरा प्रश्न मात्र पूर्ण ताकदीनिशी समोर उभा होता.

मतांच्या जागा कशा होतात

भारतात लोकसभा आणि विधानसभेसाठी एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो आणि ज्याला सर्वांत जास्त मते पडतील तो विजयी होतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. एका मताने जिंकलेला आणि एक लाखाने जिंकलेला, दोघांची सभागृहातील किंमत एकच. त्यामुळे विजयासाठी लागतात त्याहून जास्त पडलेली मते आणि हरलेल्या उमेदवाराला पडलेली सगळी मते जागांच्या हिशेबात कामी येत नाहीत.

भोपाळमधील इंद्रपुरीच्या मतदाराला हे आपल्याच मतदारसंघात पाहता येते. भेलच्या कारखान्याच्या परिसरातली ही वसाहत गोविंदपुरा मतदारसंघात मोडते. 1980 पासून 2013 पर्यंत बाबूलाल गौर येथून सलग आठ वेळा निवडून आले आणि मध्यंतरी मुख्यमंत्रीही झाले. 2018 मध्ये त्यांच्या सूनबाई कृष्णा गौर येथून भाजपच्या उमेदवार होत्या. त्यांचे मताधिक्य 46 हजारांच्या वर गेले. भाजपची संपूर्ण राज्यातली आघाडी 47,827 मतांची होती हे लक्षात घेतले, तर या एका मतदारसंघातले मताधिक्य जवळजवळ तेवढेच भरते. पण या भरघोस मताधिक्यातून पक्षाला मिळाली एकच जागा. हजाराच्या फरकाने विजय झाला असता तरी एकच मिळाली असती.

त्याच वेळी इतरत्र काय घडत होते? ग्वाल्हेर दक्षिणची जागा काँग्रेसने 121 मतांनी जिंकली. सुवासऱ्यात फरक 350 चा होता, जबलपूर उत्तरमध्ये 578, राजनगरमध्ये 732, दमोहमध्ये 798, ब्यावऱ्यात 826 आणि राजपुरात 932. या सात जागांवरच्या मताधिक्यांची बेरीज 4,337 होते. 109 मध्ये सात मिळवले की बरोबर 116 होतात. म्हणजे पावणेचार कोटींहून अधिक मतदान झालेल्या राज्यात साडेचार हजारांपेक्षा कमी मतांनी सरकार ठरले. पण निसटते विजय एकाच बाजूला झाले नव्हते, हेही नोंदवायला हवे. जावरा, बीना आणि कोलारस या जागा भाजपने हजारापेक्षा कमी मतांनी राखल्या होत्या. ग्वाल्हेर दक्षिणमध्ये तर 'वरीलपैकी कोणीही नाही' (नोटा) हा पर्याय निवडणाऱ्यांची संख्या विजयाच्या फरकाच्या कित्येक पट होती.

शहरातल्या बालेकिल्ल्यांत मोठी मताधिक्ये आणि बाकीच्या भागात थोडक्यात गमावलेल्या जागा, असा मतांचा नकाशा असला की पक्ष मतांत पुढे आणि जागांत मागे पडतो. यासाठी कोणाला लबाडी करावी लागत नाही. नियमच तसा आहे.

हाच नियम दुसऱ्या दिशेनेही काम करतो. 2018 मध्ये 40.89 टक्के मतांवर काँग्रेसला 114 जागा मिळाल्या. 2023 मध्ये तिची मते 40.40 टक्के होती, म्हणजे जवळपास तेवढीच, पण जागा 66 वर आल्या. काँग्रेसचा मतदार पळाला नव्हता. इतर पक्षांकडे आणि अपक्षांकडे जाणारी मते आटून भाजपचा वाटा 48.55 टक्क्यांवर गेला आणि त्याला 163 जागा मिळाल्या. त्याआधी 2008 मध्ये 38 टक्क्यांहून कमी मतांवर भाजपने 143 जागा जिंकल्या होत्या. पक्षाला किती जागा मिळतील हे त्याच्या स्वतःच्या मतांइतकेच विरोधातली मते किती तुकड्यांत विखुरली आहेत यावर ठरते.

महाराष्ट्राच्या वाचकाला 2024 चे वर्ष आठवत असेल. लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती या दोघांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, पण 48 पैकी 30 जागा आघाडीला आणि 17 महायुतीला गेल्या. सहा महिन्यांत विधानसभेला महायुती 49 टक्क्यांच्या आसपास पोहोचली आणि तिच्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून 230 जागा घेतल्या, तर सुमारे 35 टक्के मते मिळवणाऱ्या आघाडीच्या तीन पक्षांना 46 जागांवर समाधान मानावे लागले. मतांत पाच-सहा टक्क्यांची हालचाल झाली की जागांत भूकंप होतो.

बहुमत कुणाचे

यावरून 'बहुमत' म्हणताना आपण कशाबद्दल बोलतो ते वेगवेगळे करून पाहणे गरजेचे आहे. सभागृहातले बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक आमदार. मतदान केलेल्यांचे बहुमत म्हणजे पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते. आणि सर्व नोंदणीकृत मतदारांचे बहुमत ही तिसरीच गोष्ट. 2018 मध्ये मध्य प्रदेशात सुमारे 75 टक्के मतदान झाले. त्यातले 41 टक्के म्हणजे एकूण मतदारांपैकी साधारण 31 टक्के. दोन्ही मोठे पक्ष तेवढ्याच मतदारांपर्यंत पोहोचले होते. स्वतंत्र भारताच्या इतिहासात लोकसभेच्या एकाही निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला देशभरातील 50 टक्के मते मिळालेली नाहीत. 1984 मध्ये काँग्रेस जवळ पोहोचली होती, पण निम्म्याच्या आतच राहिली. 2014 मध्ये 31 टक्के मतांवर भाजपला 282 जागा मिळाल्या, आणि चार टक्क्यांहून अधिक मते मिळवूनही बहुजन समाज पक्षाचा एकही खासदार निवडून आला नाही.

इंदूरमध्ये 2024 साली याची वेगळीच बाजू दिसली. सुमित्रा महाजन यांनी आठ वेळा जिंकलेल्या या लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. भाजपचे शंकर लालवानी अकरा लाखांहून अधिक मतांच्या फरकाने विजयी झाले आणि दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा' राहिला, त्याला 2,18,674 मते पडली. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही गैर नाही आणि लालवानींना मिळालेली मते प्रचंड होती. पण ज्या निवडणुकीत मुख्य प्रतिस्पर्धीच उरला नाही, तिच्या आकड्यांवरून जनमत वाचता येत नाही, एवढे म्हणायलाच हवे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आलेला 'नोटा' लोकसभा-विधानसभेत फक्त नोंद म्हणून राहतो. त्याला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो.

मोजणीवरचा वाद

आता पहिला प्रश्न. मोजणीबद्दल शंका असेल तर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी निकाल जाहीर होण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे फेरमोजणीची लेखी मागणी करू शकतो. अधिकाऱ्याने ती कारणे देऊन मान्य किंवा अमान्य करायची असते. एकदा निकाल जाहीर झाला की वाट फक्त उच्च न्यायालयाची. संविधानाच्या अनुच्छेद 329 नुसार निवडणुकीला केवळ निवडणूक याचिकेद्वारेच आव्हान देता येते आणि 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ती 45 दिवसांच्या आत दाखल करावी लागते. पूर्वी या याचिका निवडणूक न्यायाधिकरणांपुढे चालत. 1966 च्या दुरुस्तीनंतर त्या उच्च न्यायालयांकडे आल्या. नुसता गैरप्रकार दाखवून भागत नाही. बेकायदा मते घेतली गेली किंवा वैध मते नाकारली गेली असा आक्षेप असेल, तर त्यामुळे निकाल प्रत्यक्षात बदलला असता हेही सिद्ध करावे लागते. पराभूतांच्या बऱ्याच याचिका इथेच कोसळतात.

मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघातला 2024 चा निकाल याचे चांगले उदाहरण आहे. मतदान यंत्रांतल्या मोजणीत अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094 मतांवर होते. टपाली मते मिळवल्यावर वायकर 48 मतांनी विजयी ठरले. बाद केलेल्या 111 टपाली मतांचा मुद्दा गाजला, फेरमोजणीच्या मागणीवरून वाद झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. आक्षेपांमुळे निकालावर निर्णायक परिणाम कसा झाला हे याचिकेत पुरेसे मांडलेले नाही, असे न्यायालयाचे मत पडले. साडेनऊ लाखांच्या आसपास मतांतून 48 चा फरक म्हणजे मतदारसंघ जवळपास दोन समान भागांत विभागलेला होता. अशा ठिकाणी कोणाला 'जनतेचा स्पष्ट कौल' मिळाला असे म्हणणे अवघड आहे. निवडून येणे आणि कौल मिळणे यांत अंतर असते.

मध्य प्रदेशातली धारची निवडणूक याहून बोलकी. 2008 मध्ये तेथे भाजपच्या नीना वर्मा फक्त एका मताने विजयी झाल्या. काँग्रेसचे बालमुकुंदसिंह गौतम उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ही निवड रद्द ठरवली, पण तो निकाल आला 2012 मध्ये, म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीतली जवळपास चार वर्षे संपल्यावर. याचिकेचा निकाल सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. व्यवहारात मुदत संपत आली तरी खटले चालूच राहतात, आणि तोवर सभागृहातली मतदाने, निधीची वाटपे, मंत्रिपदे सारे होऊन गेलेले असते. या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. उशिरा मिळालेला न्याय इथे अर्धवट असतो असेही म्हणता येत नाही, बहुतेक वेळा तो निरुपयोगीच असतो.

मते अगदी समसमान झाली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना प्रत्येकी 5,946 मते मिळाली. फेरमोजणीनंतरही तिढा सुटला नाही आणि चिठ्ठीने शहा नगरसेवक झाले. बहुमताच्या तत्त्वाने इथे हात टेकले होते, कुठेतरी थांबणे भागच होते.

न्यायालयाने निकाल फिरवल्याची ताजी उदाहरणे आहेत. चंडीगडच्या महापौर निवडणुकीत 30 जानेवारी 2024 रोजी पीठासीन अधिकाऱ्यानेच आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने तीन आठवड्यांत, 20 फेब्रुवारीला, ती मते वैध धरून कुलदीप कुमार यांना विजयी घोषित केले. हरियाणातील पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या 2022 च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्रावरील आकडे चुकीच्या उमेदवारापुढे मांडले गेल्याचा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने मतदान यंत्रे मागवून आपल्या आवारात मोजणी करवली, मोहित कुमार यांची मते जास्त निघाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये तेच सरपंच ठरले. यंत्रात नोंदलेली मते शाबूत असतील तर सत्य तीन वर्षांनीही बाहेर काढता येते, हे या प्रकरणाने दाखवले.

याच्या नेमके उलट उदाहरण रायबरेलीचे. 1971 मध्ये इंदिरा गांधी तेथून एक लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या होत्या. राजनारायण यांच्या याचिकेवर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी 12 जून 1975 रोजी ही निवड रद्द केली. मतदारसंघातले बहुमत कोणाकडे आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. प्रश्न सरकारी यंत्रणेच्या वापराचा होता. म्हणजे बहुमत असूनही निवड अवैध ठरू शकते, आणि बहुमत नसूनही वैध. पुढे कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली.

मतदान यंत्रांबद्दलच्या वादातही मध्य प्रदेशला जुनी जागा आहे. 1982 मध्ये केरळमधील परूर मतदारसंघातील 50 केंद्रांवर यंत्रे प्रथम वापरली गेली. कायद्यात तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ते मतदान रद्द केले, त्या केंद्रांवर मतपत्रिकांनी पुन्हा मतदान झाले आणि विजयी उमेदवार बदलला. कायदा सुधारल्यानंतर 1998 मध्ये ज्या 16 विधानसभा मतदारसंघांत यंत्रे आली, त्यांतले पाच मध्य प्रदेशातले होते. आता प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला पडले ते दाखवणाऱ्या छापील पावत्या) यंत्रांशी ताडून पाहतात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी नाकारली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करण्याचा हक्क दिला.

शंका मात्र निकालाने संपत नाहीत. 2024 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत सायंकाळी पाचला 58.22 टक्के असलेले मतदान अंतिमतः 66.05 टक्के झाले, यावर मोठा वाद झाला. सहा वाजता रांगेत असलेल्या सर्वांना मतदानाचा हक्क असतो आणि पाचचा आकडा तात्पुरता असतो, हे निवडणूक आयोगाचे स्पष्टीकरण होते. यावरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये फेटाळली. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर 2024 मध्ये स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावली. विशेष म्हणजे त्या माळशिरस मतदारसंघात ग्रामस्थांच्या पसंतीचे उत्तम जानकर निवडून आलेले होते. तरीही गावातली मते आपण टाकली तशी मोजली गेली का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. गावाने घेतलेले मतदान कायद्याने पुरावा ठरले नसते. पण अशा शंकेला जमावबंदीपेक्षा खुल्या कागदपत्रांनी उत्तर देणे केव्हाही बरे. प्रत्येक केंद्रावर किती मते पडली याचा नमुना 17-सी उमेदवाराच्या प्रतिनिधीला मतदान संपताच मिळतो, आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे नमुना 20 मध्ये असते. दोन्ही ताडून पाहणे शक्य असते आणि ते करायला हवे.

निकालानंतरचे बहुमत

मध्य प्रदेशात 2018 च्या कौलाचे आयुष्य पंधरा महिन्यांचे ठरले. मार्च 2020 मध्ये ज्योतिरादित्य शिंदे भाजपमध्ये गेले आणि काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले. सर्वोच्च न्यायालयाने 20 मार्चपर्यंत बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला, कमलनाथ यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि 23 मार्चला शिवराजसिंह पुन्हा मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबरमध्ये 28 जागांवर पोटनिवडणूक झाली आणि भाजपने 19 जिंकल्या.

पक्ष बदललेल्यांना मतदारांनी सरसकट स्वीकारले किंवा नाकारले असे मात्र झाले नाही. सुवासऱ्यात 350 मतांनी जिंकलेले हरदीपसिंह डंग नव्या पक्षातून 29 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. दमोहमध्ये 798 मतांनी जिंकलेले राहुलसिंह लोधी 2021 च्या पोटनिवडणुकीत 17 हजारांनी हरले, आणि 2024 मध्ये तेच दमोहचे खासदार झाले. आमदार फुटला तरी त्याला मत देणारे त्याच्याबरोबर जातात की नाही, हे फक्त नव्या मतदानातूनच कळते. म्हणून राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाणे हे नुसत्या पक्षांतरापेक्षा चांगले. ज्या काळात सरकार बदलले त्या काळात मतदाराला विचारले गेले नव्हते, ही उणीव तरीही उरतेच.

दुसरे मार्ग

संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी झाली होती. मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी 1949 मध्ये तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. देशात साक्षरता कमी आहे आणि अशा पद्धतीने सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर राहील, ही त्यांची कारणे होती. पहिले कारण आज पूर्वीइतके लागू नाही, दुसरे अजूनही वजनदार आहे. 1999 मध्ये विधी आयोगाने आपल्या 170 व्या अहवालात मधला मार्ग सुचवला : लोकसभेच्या जागा एक चतुर्थांशाने वाढवून त्या पक्षांच्या याद्यांतून भराव्यात. त्यावर काही झाले नाही. शेजारच्या नेपाळने मात्र मिश्र पद्धत स्वीकारली. तेथील प्रतिनिधी सभेच्या 275 पैकी 165 जागा थेट लढतीतून आणि 110 पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भरल्या जातात. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्या फेरीत कोणालाही निम्मी मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते, त्यामुळे निवडून येणाऱ्याला अखेरच्या फेरीतली निम्म्याहून अधिक मते असतात.

जुन्या लोकशाह्यांनाही हा पेच सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये 1951 साली मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मते मिळूनही चर्चिल सत्तेवर आले. अमेरिकेत 2000 मध्ये अल गोर देशभरात पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते, पण फ्लोरिडातील 537 मतांच्या फरकाने जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. फ्लोरिडाच्या कायद्यात एक गोष्ट मात्र घेण्यासारखी होती : फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर फेरमोजणी आपोआप व्हायची, त्यासाठी कोणाला विनंती करावी लागत नसे.

भारतात तशी तरतूद नाही. फेरमोजणी अजून अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. अत्यल्प फरकाच्या निकालात ती सक्तीची करणे आणि निवडणूक याचिकांसाठी उच्च न्यायालयांत स्वतंत्र खंडपीठे नेमून सहा महिन्यांची मुदत खरोखर पाळणे, या दोन सुधारणांना संविधान दुरुस्ती लागत नाही. संसदेने त्या आधी हाती घ्याव्यात. मतांच्या प्रमाणात जागा हव्यात की नकोत, हा मोठा वाद त्यानंतर सावकाश आणि सर्वांना बरोबर घेऊन करता येईल.